वालेन्सियाच्या पाटांचा न्याय

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या वालेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला, कॅथेड्रलच्या प्रेषित-दरवाजाशी, काळ्या झग्यांतले आठ शेतकरी न्यायाला बसतात. तूरिया नदीच्या आठ कालव्यांनी ते निवडून दिलेले असतात. कुणी पाळी नसताना पाणी घेतले, कुणी पाट तुंबवला, असे हे तंटे. तक्रार तोंडी, जबाब तोंडी, निकाल जागच्या जागी आणि त्यावर अपील नाही. ज्या कालव्याचा तंटा, त्याचा प्रतिनिधी निकालात बसत नाही. या न्यायालयाचा जन्म इ.स. ९६० चा, कोर्दोबाच्या खलिफांच्या काळातला, असे मानून १९६० मध्ये त्याची सहस्राब्दी साजरी झाली. मात्र त्या सालाला समकालीन कागदाचा आधार नाही. तो एकोणिसाव्या शतकातला तर्क आहे. माझ्या मते न्यायालयाचे मोठेपण या सालावर टेकवण्याची गरजच नाही. खरा पुरावा १२३९ चा आहे. आदल्या वर्षी आरागोनचा राजा पहिला जाउमे याने शहर जिंकले होते, आणि आता त्याने कालवे रहिवाशांच्या हवाली करताना मुसलमानांच्या काळी चाले त्याच रीतीने पाणी घ्यावे, असे लिहून दिले. मशिदीच्या जागी चर्च उभारणाऱ्या राजवटीने पाण्याच्या बाबतीत मात्र जितांचाच रिवाज कायदा मानला.

यावर आक्षेप येतो की बहुतेक मुसलमान शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांवर नवे ख्रिस्ती वसले, मग सातत्य कसले? आक्षेप रास्त आहे. ज्यांनी हे पाट खणले त्यांचीच जमीन गेली, हे विसरून परंपरेचे गोडवे गाणे अन्यायाचे ठरेल, आणि आजच्या स्वरूपातले न्यायालय नंतरच घडले असणार हेही मान्य. पण बंधारे, उतार आणि फाटे जिथल्या तिथे होते, आणि वाटपाचे तत्त्व त्यांच्यातच मुरलेले होते. इथे कालव्याला ठरावीक माप मिळत नाही, नदीतल्या प्रवाहाचा हिस्सा मिळतो. नदी आटली की सगळ्यांचे पाणी त्याच प्रमाणात घटते. इतिहासकार थॉमस ग्लिक यांनी या पद्धतीचे दमास्कसच्या मळ्यांतल्या वाटपाशी साम्य दाखवले आहे. नवा मालक आला तरी अशी व्यवस्था मोडून त्याचा फायदा नव्हता.

आज हे न्यायालय म्हणजे पर्यटकांसाठीचा देखावा उरला आहे, असेही म्हणतात, कारण कित्येक गुरुवारी एकही तक्रार येत नाही. पण पुष्कळ तंटे बांधावरच मिटतात, आणि ते मिटण्यामागे या दरवाजाचा धाक असतोच. स्पेनच्या १९७८ च्या संविधानाने पारंपरिक न्यायालयांना स्थान दिले, २००९ मध्ये युनेस्कोनेही हा वारसा मानला. धोका दुसरीकडे आहे. वाढते शहर या पाटांखालची शेते गिळत चालले आहे, आणि त्यावर निवाडा देण्याचा अधिकार या आठ जणांना नाही.