मंदी, भाडे आणि नफा : कोकण किनाऱ्यावरील प्रवासी आगबोटींच्या इतिहासाचा एक विचार

१

प्रवासी आगबोटीच्या व्यवसायाचे सारे अर्थशास्त्र एका साध्या वस्तुस्थितीवर उभे आहे. बोट बंदरातून सुटली की तिच्यावरील रिकामी राहिलेली जागा कायमची वाया जाते. धान्याच्या व्यापाऱ्याला भाव पडले तर माल कोठारात ठेवून वाट पाहता येते. आगबोटीच्या मालकाला आजची रिकामी जागा उद्या विकता येत नाही. उलट त्याचा खर्च मात्र बोट भरलेली असो वा रिकामी असो, फारसा बदलत नाही. कोळसा तितकाच जळतो, खलाशांचे पगार तितकेच द्यावे लागतात, विमा, घसारा, कर्जाचे व्याज आणि बंदराचे आकार चुकत नाहीत. म्हणून मंदीच्या काळात मालक प्रथम भाडे उतरवतो आणि बोट भरण्याचा प्रयत्न करतो. एका अधिक उतारूसाठी पडणारा खर्च इतका थोडा असतो की त्याच्याकडून मिळालेली कोणतीही रक्कम ही न मिळालेल्या रकमेपेक्षा बरी ठरते.

परंतु हाच हिशेब सर्व मालकांनी एकाच वेळी केला तर भाडे कोसळते, खर्च जागच्या जागी राहतो आणि दोहोंमधील अंतर नफ्याला गिळून टाकते. मंदीमुळे भाड्यात होणारी घट आणि नफ्यात होणारी घट यांचे प्रमाण कधीच सारखे नसते. दुसरी पहिलीच्या कितीतरी पट असते. या अंतराचा भार अखेर कोणावर पडतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. भागधारक, प्रतिस्पर्धी कंपनी, सरकार आणि स्वतः उतारू असे चार वाटेकरी संभवतात. निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या समुद्रांवर ही वाटणी वेगवेगळी झाली. कोकण किनाऱ्याचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

२

जागतिक महामंदीच्या काळात उत्तर अटलांटिक महासागरावर काय घडले हे प्रथम पाहणे सोयीचे होईल. तेथील बड्या कंपन्यांचा जुना आधार म्हणजे युरोपातून अमेरिकेत कायमचे जाणारे गरीब उतारू. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी हा ओघ आटवला. पाठोपाठ १९२९ नंतर मंदी आली आणि काही वर्षांतच या मार्गावरील उतारूंची संख्या निम्म्याहून खाली गेली. क्लाइड नदीकाठी क्युनार्ड कंपनीच्या '५३४' क्रमांकाच्या प्रचंड बोटीचे काम डिसेंबर १९३१ मध्ये थांबले. ते पुन्हा सुरू झाले एप्रिल १९३४ मध्ये, आणि तेही ब्रिटिश सरकारने ९५ लक्ष पौंडांचे कर्ज मंजूर केल्यावर. क्युनार्ड आणि व्हाइट स्टार या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र यावे ही त्या साह्याची अट होती. हीच बोट पुढे 'क्वीन मेरी' म्हणून प्रसिद्धीस आली.

याच काळात कंपन्यांनी दुसरा एक उपाय योजला. एका बंदराहून दुसऱ्या बंदरास जाणारे उतारू मिळेनात, तेव्हा केवळ हवापालटासाठी आणि मौजेसाठी निघणाऱ्या लोकांना स्वस्त दरात समुद्रावर फिरवून आणण्यास त्यांनी सुरुवात केली. एके काळी अटलांटिकवरील वेगाचा विक्रम गाजवणारी 'मॉरिटेनिया' १९३३ मध्ये पांढऱ्या रंगाने रंगवून अशा सफरींवर धाडण्यात आली. आनंदसफरीची कल्पना त्याआधीचीच. पण तिचा मोठा विस्तार झाला तो समृद्धीतून नव्हे, तर रिकाम्या बोटींच्या चिंतेतून, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तात्पर्य, अटलांटिकवर मंदीचा भार भागधारकांनी आणि सरकारने वाटून घेतला. उतारूच्या पदरात मात्र स्वस्त भाडे पडले.

३

कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती मुळातच निराळी होती. येथील उतारू मौजेसाठी निघत नव्हता. मुंबईच्या गिरण्या, गोदी, छापखाने आणि घरकाम यांवर रत्नागिरी जिल्ह्यातील लक्षावधी माणसे जगत होती. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहराची लोकसंख्या ११ लक्ष ७५ हजारांच्या घरात होती आणि तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा होता. सह्याद्रीने देशापासून तोडलेल्या आणि खाड्यांनी आडव्या चिरलेल्या या पट्टीत रेल्वे नव्हती, सलग रस्ता नव्हता. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांवरून पडावात बसून आगबोट गाठणे, हाच मुंबईचा राजमार्ग होता.

या उतारूचे उत्पन्न तुटपुंजे, पण त्याची निकड मोठी. शिमगा, गणपती, मे महिन्यातील लग्नसराई आणि शेतीची कामे यांसाठी त्याला गावी जावेच लागे. शिवाय पावसाळ्याचे सुमारे तीन महिने दक्षिणेकडील बंदरांची वाहतूक बंद असे. वर्षाचा चौथा हिस्सा बोटी नांगरून ठेवायच्या आणि उरलेल्या महिन्यांत, त्यातही थोड्या गर्दीच्या आठवड्यांत, वर्षाचा खर्च वसूल करायचा, अशी या धंद्याची रचना होती.

अशा ठिकाणी मंदीचा परिणाम उलटसुलट दिशांनी होतो. एप्रिल १९२८ मध्ये मुंबईतील गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. रोजगार बंद होताच हजारो कामगारांनी गावची वाट धरली. गावी निदान पेजेला तांदूळ आणि डोक्यावर छप्पर होते. म्हणजे संकटाच्या आरंभी बोटी रिकाम्या होत नाहीत, उलट भरतात. रिकाम्या होतात त्या परतीच्या बाजूने आणि पुढील हंगामात. गावी गेलेला माणूस परत येत नाही, आणि मुंबईत राहिलेल्याच्या हाती सणाला जाण्याचे भाडे उरत नाही. महामंदीच्या काळात शेतमालाचे भाव कोसळले आणि गिरण्यांतून वेतनकपात झाली. १९३४ मध्ये पुन्हा मोठा संप झाला. मनिऑर्डरवर चालणाऱ्या या जिल्ह्यात एका बाजूने मजुरी घटली आणि दुसऱ्या बाजूने शेतीचे उत्पन्न घटले. ज्याच्याकडून भाडे घ्यायचे त्याच्या दोन्ही कनवटी एकदमच रिकाम्या झाल्या. अशा वेळी भाडे वाढवणे शक्य नव्हते, आणि उतरवूनही नवे उतारू निर्माण होण्याजोगे नव्हते. मौजेचा प्रवासी स्वस्ताईने ओढला जातो. गरजेचा प्रवासी गरजेपुरताच येतो.

४

या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेफर्ड कंपनीच्या आगबोटी फिरत. पुढे या वाहतुकीचा मुख्य भाग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आला आणि तिचा कारभार किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या हाती राहिला. तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोक तिला आपुलकीने 'माझी आगबोट' कंपनी म्हणत. ज्यांनी त्या बोटींतून प्रवास करायचा त्यांच्यातूनच भांडवल उभे करावे, हा तिच्यामागील विचार.

अशा स्पर्धेतील धोका काय असतो याचा धडा दक्षिणेत आधीच मिळाला होता. व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ब्रिटिश इंडिया कंपनीने कोलंबोचे भाडे इतके उतरवले की नव्या कंपनीला टिकाव धरणे अशक्य झाले. १९११ पर्यंत तिचे दिवाळे वाजले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ शिकलेले सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनाही हाच अनुभव आला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च १९१९ मध्ये सिंदिया कंपनी काढली आणि त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी 'लॉयल्टी' ही बोट उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाली. युद्धानंतरची तेजी अल्पायुषी ठरली. जगभर बोटी रिकाम्या पडल्या, 'लॉयल्टी' मोडीत काढावी लागली, आणि रंगून ते मुंबई तांदळाच्या वाहतुकीचा दर ब्रिटिश इंडिया कंपनीने टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणला. १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार स्वीकारावा लागला. त्या कराराने तिच्या बोटींच्या एकूण वजनावर मर्यादा घातली आणि तिला किनाऱ्यापुरते बांधून ठेवले.

या उदाहरणांतून एक नियम निघतो. मंदीतील स्वस्त भाडे ही नेहमीच उतारूची कमाई नसते. पुष्कळदा ते बड्या कंपनीचे शस्त्र असते. ज्याच्या गंगाजळीत दहा वर्षांचा नफा साठलेला आहे तो दोन वर्षे तोटा सोसू शकतो. ज्याचे भांडवल दहा-दहा रुपयांच्या भागांतून जमलेले आहे त्याला एक हंगामही जड जातो. प्रतिस्पर्धी संपला की भाडे पूर्वस्थितीवर येते.

लहान कंपनीची आणखी एक अडचण असते. तिच्याजवळ बोटी मोजक्या असल्यामुळे एक बोट गमावणे म्हणजे भांडवलाचा मोठा लचका तुटणे होय. या किनाऱ्यावर तो धोका काल्पनिक नव्हता. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'माझी आगबोट' कंपनीची 'रामदास' बोट भर पावसात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दुर्घटनेचे कारण केवळ अर्थकारणात शोधणे योग्य होणार नाही. समुद्र आणि वारा यांचा वाटा उघड आहे. तथापि, जेथे भाडे उतारूच्या ऐपतीने बांधलेले असते आणि नफ्याची मर्यादा अरुंद असते, तेथे नवी बोट, अधिक साधने आणि वादळात एखादी फेरी रद्द करण्याची मोकळीक, या सर्वच गोष्टी महाग वाटू लागतात. हा प्रश्न इतिहासकाराला टाळता येत नाही.

५

याच सुमारास रस्त्यावरील वाहतुकीपुढेही असाच प्रश्न उभा होता. महामंदीच्या वर्षांत लहान लहान बसमालकांच्या चढाओढीची दखल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने घेतली. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची गाडगीळ आणि गोगटे यांनी केलेली पाहणी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांचे नियमन आले आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. फायद्याच्या मार्गांतून तोट्याचे मार्ग चालवणे तिला शक्य झाले.

किनाऱ्याच्या वाट्याला अशी सलग रचना आली नाही. १९३९ मध्ये सिंदियाने बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ताब्यात घेतली. मालकी स्वदेशी झाली, पण पावसाळा, एकेरी गर्दी आणि गरीब उतारू यांत फरक पडला नाही. स्वातंत्र्यानंतर खाड्यांवर पूल झाले, बस थेट गावात जाऊ लागली आणि बोटीचा उतारू कमी कमी होत गेला. ही सेवा पुढे चौगुले यांच्या कंपनीकडे आणि त्यानंतर मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे गेली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंद पडली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा आगबोटीचे पर्व संपलेले होते.

६

आनंदसफरींचा आजचा जागतिक धंदा हा महामंदीत वाढलेल्या त्या जुन्या प्रयोगाचाच वारस आहे, आणि २००८ च्या आर्थिक अरिष्टात त्याची कसोटी लागली. रॉयल कॅरिबियन कंपनीचे उत्पन्न २००८ मध्ये सुमारे ६५३ कोटी डॉलर होते. २००९ मध्ये ते सुमारे ५८९ कोटींवर आले. घट सुमारे दहा टक्क्यांची. त्याच अवधीत निव्वळ नफा ५७ कोटींहून १६ कोटींवर, म्हणजे जवळजवळ तीनचतुर्थांशाने खाली आला. बोटी मात्र रिकाम्या गेल्या नाहीत. एका खोलीत दोन माणसे या हिशेबाने त्या वर्षीही शंभर टक्क्यांहून अधिक जागा भरल्या होत्या. भरल्या त्या भाडे उतरवून. तेजीत, म्हणजे २००६ मध्ये, मागवलेली 'ओअॅसिस ऑफ द सीज' ही प्रचंड बोट २००९ च्या मंदीत हाती आली, हेही या धंद्याच्या स्वभावाला धरूनच झाले. बोट बांधण्यास वर्षे लागतात. मंदी येण्यास एक हंगाम पुरतो.

मुंबईच्या बंदरातही हा धंदा आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' निघाली, २०१९ मध्ये जलेश कंपनीची 'कर्णिका' आली. २०२० च्या महामारीत समुद्रावरील सफरी थांबल्या आणि त्याच वर्षी जलेश कंपनीने आपला कारभार गुंडाळला. जगातील बड्या कंपन्यांनी त्या काळात अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभारून दिवस काढले. महामारी ही सामान्य मंदी नव्हे. तरी गंगाजळीचा नियम येथेही लागू पडला.

७

या विवेचनावरून असे दिसते की मंदीत भाडे उतरते एवढे म्हणणे अपुरे आहे. भाडे कोणासाठी उतरते आणि ते पुन्हा कोण चढवतो, हे पाहिले पाहिजे. आनंदसफरीचा प्रवासी मंदीत स्वस्तात फिरतो, कारण न जाण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी असते. भार पडतो तो भागधारकांवर, आणि तेजी येताच त्याची भरपाई होते. कोकणच्या उतारूला हे स्वातंत्र्य नव्हते. त्याचे भाडे कमी राहिले ते त्याच्या दारिद्र्यामुळे, आणि त्या कमी भाड्याची किंमत त्याने गर्दीत, गैरसोयीत, आणि अखेरीस सेवाच नाहीशी होण्यात चुकती केली.

'माझी आगबोट' हे नाव लोकांनी दिले होते. आपल्या वाहतुकीची मालकी आपली असावी ही त्यामागील आकांक्षा खोटी नव्हती. तथापि, ज्या दिवशी मुंबईची गिरणी बंद पडे, त्याच दिवशी भागधारकाचे आणि उतारूचे उत्पन्न एकत्रच आटे, कारण ते दोघे एकाच घरातले होते. मंदीचा भार वाटून घेण्यासाठी दुसरा कोणी वाटेकरी लागतो. अटलांटिकवर तो सरकारच्या रूपाने आला आणि घाटावरच्या रस्त्यावर राज्य परिवहनाच्या रूपाने आला. कोकणच्या बंदरांवर तो आला तेव्हा पडावात बसणारे उतारू एस. टी.च्या थांब्यावर जाऊन उभे राहिले होते.