तबकडीवरचे नाव

आम्ही संगीतातले जाणकार नाही, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. शाळा आम्ही नववीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी जुन्या चित्रपटांच्या ध्वनिमुद्रिका हा विषय आमच्या गळ्यात घातला, याचे कारण एवढेच की आमच्या दोन खोल्यांच्या घरात तीनएकशे तबकड्या आहेत आणि त्यांपायी घरातली माणसे पलंगाखाली काही ठेवू शकत नाहीत. छंदिष्ट माणसाला बोलायला सांगणे धोक्याचे असते. परंतु आज आम्ही तबकड्यांच्या किमती सांगणार नाही, दुर्मिळ तबकडी कशी पटकावली याच्या बढायाही मारणार नाही. तबकडीच्या मध्यभागी जो गोल कागद चिकटवलेला असतो, त्यावर कोणाचे नाव छापले गेले आणि कोणाचे गेले नाही, एवढ्याच प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याला पगार नाही, ही गोष्ट कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. त्यामुळे तबकडी हाती आली की आमची नजर आधी नावाकडे जाते.

आपल्या देशात तबकडीवरच्या नावाची गोष्ट 1902 साली सुरू होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या जुन्या मुद्रिका ऐकताना आजचा श्रोता चकित होतो. गाणे संपते न संपते तोच गौहरजान इंग्रजीतून स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. कोणाला यात गर्व वाटेल, परंतु त्यात गर्व नव्हता. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तबकड्या तेथे छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे हे कळावे आणि कागद अचूक चिकटवता यावा, म्हणून ही सोय होती. 1908 साली कलकत्त्यातच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला आणि पुढे ही रीत मागे पडली. पण आरंभ लक्षात ठेवण्याजोगा आहे. या देशातल्या अगदी पहिल्या तबकड्यांवर कलावंताने आपले नाव आपल्याच तोंडाने नोंदवले होते.

त्या तबकड्या लाखेच्या असत. छोटा नागपूर आणि मध्य भारतातल्या जंगलांत पळस-कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. ती लाख खरवडून, धुऊन, गाळून जगभर जाई आणि तिच्यात दगडाची पूड व काजळी मिसळून तबकडी तयार होई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. आपली चित्रपटगीते तेवढ्याच लांबीची का झाली, याचे एक कारण या मापात आहे. लाख खरवडणाऱ्या आदिवासी बाईचे नाव कोणत्याही तबकडीवर नाही, हे सांगण्याची गरज नसावी.

1931 सालच्या 14 मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला आणि पडदा बोलू-गाऊ लागला. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही आणि त्याच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाचा आवाज कायमचा गेला. याउलट त्यानंतरच्या दशकातले कित्येक चित्रपट असे आहेत की फीत जळाली, कुजली किंवा चांदीसाठी विकली गेली, पण कोणाच्या माळ्यावर पडलेल्या दोन-चार तबकड्यांमुळे त्यांचा आवाज तेवढा उरला. छंदिष्टांना हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा जो कोश सिद्ध केला, त्यात तबकड्यांचे क्रमांकही नोंदले आहेत. मुंबईतही ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था आहे. सरकारी दप्तराने जे जपले नाही ते अशा माणसांनी पदरमोड करून जपले.

प्रारंभी नट-नटी स्वतःच गात, तोवर नावाचा घोटाळा नव्हता. 1935 साली न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायनाची पद्धत आली आणि गळा एकाचा, ओठ दुसऱ्याचे, अशी कामाची विभागणी झाली. कारखान्यात कामाची विभागणी झाली की मालावर कारागिराचे नाव राहत नाही, तेच येथे झाले. 1949 साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातले त्यातले सर्वांत गाजलेले गाणे लता मंगेशकरांनी गायिले. परंतु तबकडीवर गायिकेच्या जागी छापले होते 'कामिनी'. कामिनी हे मधुबालाने केलेल्या भूमिकेचे नाव! जी बाई कथेतही धड खरी नव्हती, तिला गायिका ठरवून वीस वर्षांच्या खऱ्याखुऱ्या मराठी मुलीला वगळले गेले. हे गाणे कोणाचे, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांनी रेडिओकडे धाडली आणि त्या रेट्यामुळे नाव जाहीर झाले, असे सांगतात. त्याच वर्षीच्या 'बरसात'च्या तबकड्यांवर लताबाईंचे नाव आले. पुढे 1957 साली 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला. पार्श्वगायकांसाठी पारितोषिकच नव्हते, मग गायचे कशासाठी? 1959 पासून ते पारितोषिक सुरू झाले. साठीच्या दशकात विक्रीतला वाटा गायकाला मिळावा असा आग्रह त्यांनी धरला. गाण्याचे पैसे घेतल्यावर गायकाचा पुढे हक्क उरत नाही, असे महंमद रफींचे मत होते. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायिले नाहीत. रफीसाहेबांच्या सज्जनपणाविषयी आम्हांस अपार आदर आहे. पण सज्जन माणूस स्वतःची मजुरी सोडतो तेव्हा शेजाऱ्याचीही सोडत असतो, हा आमच्या धंद्यातला कटू अनुभव आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा होता असे नव्हे. अमेरिकेत डिस्नेच्या 'स्नो व्हाइट' या चित्रपटाची गाणी 1938 साली तीन तबकड्यांच्या संचात निघाली. चित्रपटाच्या ध्वनिपटावरूनच काढलेल्या संचांत हा अगदी आरंभीचा मानतात. स्नो व्हाइटचा आवाज होता आद्रियाना कॅसेलोटी या तरुण गायिकेचा, पण पडद्यावरील नामावळीत ती नव्हती. 1956 साली 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करसाठी मार्नी निक्सन गायली. तबकडी अफाट खपली आणि निक्सनच्या हाती पडले सुमारे 420 डॉलर. मात्र डेबोरा करने आपण होऊन ही गोष्ट उघड केली. 1961च्या 'वेस्ट साइड स्टोरी'च्या वेळी तोच प्रकार घडू लागला, तेव्हा संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनने आपल्या मानधनातला पाव टक्का तिला दिला. ही उदारता खरीच. पण ज्या ठिकाणी हक्क नसतो तेथे उदारतेवर दिवस काढावे लागतात.

आता वादकांकडे वळू, कारण आमचे मन खरे तेथे गुंतले आहे. तबकडी आणि रेडिओ आल्यावर हॉटेलांतले, नाट्यगृहांतले हजारो वादक बेकार झाले. माणूस एकदा वाजवतो आणि यंत्र तेच हजार वेळा वाजवते. आपल्याच जुन्या श्रमाने आपली आजची भाकरी काढून घ्यावी, असा तो विचित्र प्रसंग होता. अमेरिकन वादक संघाचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो याने 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. मागणी अशी की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम संघाच्या निधीत जमा व्हावी आणि त्यातून बेकार वादकांना काम द्यावे. सर्व कंपन्यांची वाद्ये गप्प झाली. गायक संघात नसल्याने ते गात राहिले आणि वाद्यांच्या जागी मागे नुसता माणसांचा हुंकार घालून तबकड्या निघू लागल्या.

याच काळात 'कॅसाब्लांका' हा चित्रपट आला. त्यात डूली विल्सन या नटाने गायिलेले गाणे लोकांच्या ओठी बसले, पण बहिष्कारामुळे त्याला ते तबकडीसाठी गाता येईना. तेव्हा कंपनीने रूडी व्हॅलीने 1931 साली गायिलेली, अडगळीत पडलेली त्याच गाण्याची तबकडी पुन्हा बाजारात आणली आणि बारा वर्षांनी ती खपाच्या शिखरावर पोचली! शिवाय पडद्यावर विल्सन पियानो वाजवताना दिसतो, पण त्याला पियानो येत नव्हता. वाजवणारा एलियट कार्पेंटर कॅमेऱ्याच्या बाहेर बसला होता. डेक्का कंपनीने 1943च्या सप्टेंबरात आणि उरलेल्या दोन मोठ्या कंपन्यांनी 1944च्या नोव्हेंबरात मागणी मान्य केली. युद्धकाळ आहे, बहिष्कार मागे घ्या, असे खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सांगूनही वादक ढळले नव्हते.

पण युनियनवाल्याने युनियनची चूक झाकू नये. 1955 साली पेट्रिलोने ठरवले की, चित्रपट दूरचित्रवाणीला विकल्याबद्दल त्यात वाजवणाऱ्या वादकांस मिळणारे पैसेही निधीतच जातील. निधी बेकारांसाठी होता हे खरे, पण ज्याने वाजवले त्याला विचारले कोणी? हॉलिवुडचे वादक खवळले. 1958 साली तिथे संप सुरू असतानाच त्यांतल्या अनेकांनी सेसिल रीड यांच्या पुढाकाराने वेगळी संघटना काढली आणि स्टुडिओतल्या वादकांच्या मतदानात ती जिंकली. पुढारी सभासदांच्या नावाने बोलत बोलत सभासदांची नावेच विसरला की असेच होते.

त्या संपाची निशाणी एका तबकडीवर आजही वाचता येते. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चे संगीत बर्नार्ड हेर्मानचे. आपले संगीत तो नेहमी स्वतः संचालित करी. परंतु 1958च्या तबकडीवर संचालक म्हणून नाव आहे स्कॉटिश मुइर मॅथिसनचे. अमेरिकेत संप चालू असल्यामुळे मुद्रण लंडनला नेले गेले. तिथल्या वादकांनीही अमेरिकेतल्या बांधवांना पाठिंबा म्हणून वाद्ये खाली ठेवली आणि उरलेले काम व्हिएन्नात पुरे करावे लागले. ती तबकडी लावली की लोकांना त्यात गूढ आणि भय ऐकू येते. आम्हांस मात्र ज्यांनी ती वाजवण्याचे नाकारले त्यांची आठवण होते.

मुंबईच्या स्टुडिओंतही मोठा वादकवर्ग होता आणि त्यात गोव्याची माणसे पुष्कळ. चर्चच्या शाळेत ती नोटेशन वाचायला शिकत आणि पोटासाठी मुंबई गाठत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली थोर नावे. संगीतकाराने दिलेल्या चालीला पन्नास वाद्यांचा साज चढवणारे हे लोक, पण तबकडीवर त्यांना जागा नव्हती. गोन्साल्विसांचे नाव सर्वतोमुखी झाले ते शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात ते नाव आले, आणि लोकांना वाटले की ते नायकाचेच!

असा एक वादक आमच्या लहानपणी परळला आमच्याच चाळीत राहत असे. आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. त्यांनी जुन्या बाजारातून किल्लीचा ग्रामोफोन घेतला होता. रविवारी दारे उघडी टाकून ते तबकड्या लावीत. हा म्हातारा उंबरठ्यावर येऊन बसे. कडवे संपत आले की बोट वर करी आणि आम्हांस म्हणे, "थांब रे बाळा, आता आम्ही येणार." मग व्हायोलिनांचा तो तुकडा वाजे आणि त्याचे डोळे मिटत. वडील विचारीत, "मास्तर, यातले तुमचे कुठले?" तो म्हणे, "सगळे मिळून एकच असते, दादा." 1982च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. सहाव्या महिन्यात वडिलांनी ग्रामोफोन आणि तबकड्या विकून ज्वारी आणली. आज आमच्याकडे ज्या तबकड्या आहेत, त्या आम्ही एकेक करून परत गोळा केलेल्या आहेत. त्या विकलेल्यांपैकी नव्हेत, पण गाणी तीच आहेत.

2012 साली आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा बदलला. चित्रपटाच्या गाण्यांतला गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा हक्क करारातही काढून घेता येणार नाही, असे ठरले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्कही कायद्याने अधिक स्पष्ट केले. पाऊल मोलाचे आहे. परंतु हक्क मागायला आधी नोंद लागते आणि त्या दिवशी स्टुडिओत कोण कोण बसले होते याची नोंद बहुतेक गाण्यांच्या बाबतीत उरलेली नाही.

म्हणून आपणांस एक विनंती आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील त्यांनी त्या भंगारवाल्यास देऊ नयेत, उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. आणि ज्यांच्या ओळखीचा एखादा म्हातारा वादक हयात असेल, त्यांनी उद्याच जाऊन कोणत्या गाण्यात काय वाजवले ते त्याच्याकडून लिहून घ्यावे, त्याच्या संपूर्ण नावानिशी. ही विनंती करताना आम्हांस संकोच वाटतो, तो का हेही सांगतो. हजारो कामगारांची नावे हजेरीपटावर यावीत म्हणून आम्ही तीस वर्षे भांडलो. पण आमच्या उंबरठ्यावर बसणाऱ्या त्या माणसाला सारी चाळ 'मास्तर' म्हणे आणि आम्हीही तेच म्हणत आलो. त्याचे नाव काय होते, हे आम्ही कधी विचारले नाही.