बर्फ : बादशहापासून पाड्यापर्यंत

ज्या जिल्ह्यात वैशाखात पारा चाळीस अंशांपुढे जातो, तेथील श्रोत्यांना बर्फाची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. चार घटकांचा गारवा देऊन विरून जाणाऱ्या या वस्तूला मात्र मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या गावापासूनच सुरू करता येतो.

अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार होते. 'आईन-इ-अकबरी'त त्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात अबुल फजलाने पाणी गार करण्याची कृती दिली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकावा आणि शेरभर पाण्याची तोंड बंद केलेली धातूची सुरई त्यात पाव तास फिरवावी. सोरा विरघळताना उष्णता शोषतो आणि सुरईतले पाणी थंड होते. १५८६ नंतर दरबार लाहोरास असताना डोंगरातला बर्फ होड्यांनी व हमालांकरवी येई. गारवा हे तेव्हा ऐश्वर्याचेच लक्षण होते.

बर्फ तयार करण्याची देशी युक्ती गंगेच्या खोऱ्यात होती. अलाहाबादेकडील कृतीचे वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. थंडीच्या निरभ्र रात्री उथळ चरांत कडबा-पेंढा पसरून त्यावर मातीची पसरट भांडी पाणी घालून मांडीत. पहाटे पापुद्र्यासारखा बर्फ गोळा करून पेंढ्याने व चटयांनी मढविलेल्या खड्ड्यात ठोकून भरीत. हवा गोठणबिंदूच्या वर असली, तरी उघड्या आकाशाकडे उष्णता टाकून पाणी गोठते. आपल्या सातपुड्यात, तोरणमाळ व डाब येथे, कडाक्याच्या हिवाळ्यात गवतावरचे दव गोठते, ते याच नियमाने.

पुढे बर्फ समुद्रावरून आला. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याचे 'टस्कनी' जहाज मे १८३३ मध्ये १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्यास पोचले, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. जपणूक कोणती? जाड आवरण, घट्ट रचना आणि लाकडाचा भुसा! मुंबई आणि मद्रासलाही बर्फगृहे झाली. मद्रासचे अजून उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते. पुढे यंत्राचा बर्फ निघाला आणि हा व्यापार बुडाला.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दाबाखाली द्रवरूप केलेला अमोनिया मोकळा होऊन उकळतो आणि भोवतालच्या मिठाच्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात सोडलेल्या डब्यांतील साधे पाणी गोठून लादी होते. गोणपाटात गुंडाळलेली ही लादी गोळ्याच्या गाडीवर जाते, रसवंतीत जाते, मासळीच्या पेटीतही जाते. बादशहाची चैन आता नाण्याच्या मोलाने मिळते.

परंतु बर्फाचे सर्वांत मोठे कार्य आम्हांस याहून वेगळे दिसते. बालकांची लस २ ते ८ अंश तापमानात राखावी लागते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातले पाडे, नर्मदाकाठी होडीनेच गाठता येणारी वस्ती, येथे आरोग्यसेविका लस नेते ती बर्फाच्या पिशव्यांनी वेढलेल्या पेटीतून. त्यातही तारतम्य आहे. धनुर्वात-घटसर्पाची लस गोठली, तरी ती निकामी होते. म्हणून पिशव्या शीतपेटीतून काढून, हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात आणि मगच पेटीत भरतात. अबुल फजलाने पाव तास सांगितला. येथे कान लावून घटका मोजायची. चूक झाली तर पाणी कोमट राहणार नाही, मूल असुरक्षित राहील.

बर्फ बनविणे मनुष्याने केव्हाच साधले. तो वितळण्याआधी शेवटच्या पाड्यापर्यंत पोचविणे, हे काम मात्र दर खेपेस नव्याने करावे लागते. रस्ता, वीज आणि माणूस, यांपैकी एक कमी पडले की चारशे वर्षांची सारी विद्या वाटेतच पाणी होते. हे तिन्ही नीट राखणे, ही आपल्या जिल्ह्याची आणि आपणां सर्वांची जबाबदारी आहे.