दगड फोडणाऱ्यांच्या घरातला दिग्दर्शक

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की चिंचोळीची एमआयडीसी लागते, पुढे मोहोळ. आगगाडीने गेले तर कुर्डुवाडी, केम आणि मग जेऊर. करमाळा तालुक्यातले हे जेऊर म्हणजे नागराज मंजुळे यांचे गाव. आजचे बोलणे त्यांच्या कामगिरीविषयी आहे. पण सुरुवात थोडी मागून करायला हवी.

इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. गुन्हा कुणी केला हे पाहायचे नाही, जात पाहायची! आपल्या सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. दिवसा गिरणीत काम, संध्याकाळी हजेरी. ‘सेटलमेंट’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. महाराष्ट्राच्या विमुक्तांच्या यादीत वडार आहेत, कैकाडी आहेत. वडारांनी दगड फोडला, खडी केली, माती उपसली. आपण त्या रस्त्यांवरून चाललो; पण रस्ता केला कुणी, ते विचारले नाही.

मंजुळे या वडार समाजातले. पुण्याला त्यांनी मराठीत एम. ए. केले, कविता लिहिल्या, पुढे अहमदनगरला माध्यमांचे शिक्षण घेतले. तिथे शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या एका गरीब पोराची ती गोष्ट. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार तिला मिळाला.

मग २०१३ साली ‘फँड्री’ आला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावाने डुकरे धरायचे काम ज्या घराच्या माथी मारले, त्या घरातला जब्या शाळेत जातो. एका प्रसंगी सारे घर डुकरामागे धावत असते आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारी जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर मात्र निघून जाते. यावर भाषण करायची गरज आहे का? शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. ही भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा खेड्यातला मुलगा. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२०१६ चा ‘सैराट’ तर घरोघर पोचला. पारधी मुलगा, पाटलाची मुलगी. गाण्यांवर लोक नाचले आणि शेवटाला गप्प होऊन बाहेर पडले. अकलूजची रिंकू राजगुरू, करमाळ्याचा आकाश ठोसर ही नवखी पोरे आपल्याच बोलीत बोलली. ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाच्या दिग्दर्शनाला २०१७ सालचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०२२ मध्ये ‘झुंड’ आला, झोपडपट्टीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा. निर्माते म्हणूनही त्यांनी २०१८ मध्ये सुधाकर रेड्डी यक्कंटी या नव्या दिग्दर्शकाचा ‘नाळ’ उभा केला. स्वतः वर चढले आणि दुसऱ्याला हात दिला, असेच म्हणायला हवे.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची कथाही अशीच आहे. १९५५ च्या ‘जेडा’ या चित्रपटात मुख्य भूमिका त्यांच्या, पण दिग्दर्शक गोरा. ट्रेसी मोफाट या त्यांच्यातल्या बाईंनी मोठा चित्रपट केला, तो १९९३ साली. आपल्याकडेही डोंबारी, कोल्हाटी पिढ्यान्‌पिढ्या खेळ करीत आले. खेळ त्यांचा, गोष्ट मात्र दुसऱ्याने सांगितलेली. मंजुळे यांनी ही गोष्ट आपल्या हाती घेतली, हे त्यांच्या कामगिरीतले मोठे इंगित.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गातही शेवटच्या ओळीत एखादा जब्या बसत असेल. नाव पुकारले की तो ‘हजर’ म्हणतो. पूर्वीची हजेरी त्याच्यावर नजर ठेवायला होती. तुमची हजेरी त्याचे म्हणणे ऐकायला असू द्या.