शिडी, गठ्ठा आणि माणूस

मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे ३१३ वे कलम साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा तरी वाचावे असे आम्हांस वाटते. कायदा १८८८ चा. रस्त्यावर, उघड्या गटारावर किंवा रस्त्यातल्या विहिरीवर आयुक्तांच्या परवान्यावाचून काय काय ठेवू नये याची त्या कलमात एक यादी आहे: ठेला, खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गठ्ठा किंवा अडथळा होईल अशी अन्य वस्तू. यादी चोख आहे. मुंबईतला किरकोळ व्यापार ज्या सामानावर चालतो ते बहुतेक सगळे तिच्यात आले आहे. नाही तो फक्त त्या बाकामागे बसलेला माणूस.

पुढे दुरुस्तीने ३१३-अ हे कलम जोडले गेले आणि विक्रीची क्रिया कायद्यात आली. परवान्याशिवाय सार्वजनिक जागी वा रस्त्यावर कोणीही कोणतीही वस्तू, मग ती खाण्याची असो वा नसो, फिरून विकू नये किंवा विक्रीस मांडू नये, असा त्याचा आशय. ३१३-ब हातकसबाचे व लोकोपयोगी सेवेचे. रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा त्यात मोडतो. आणि मग येते ३१४. परवान्याविना मांडलेली वस्तू, शिवाय ती ज्यात वा ज्यावर ठेवली आहे ते वाहन, पेटी, फळी, सर्व काही आयुक्तांनी नोटीस न देता हलवावे, अशी मुभा हे कलम देते. या वाक्याचे व्याकरण पाहावे. कर्ता आयुक्त, कर्म वस्तू. विकणारा वाक्यात कोठेच नाही आणि जो वाक्यात नाही त्याला नोटीस द्यायची तरी कशी? गेल्या शतकाचा मुंबईतला फेरीवाल्यांचा झगडा आम्हांस या वाक्यात शिरण्याचा झगडा वाटतो.

कायदा असा का लिहिला गेला, याचे सोपे उत्तर 'वसाहतवादी मनोवृत्ती' असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. नगरपालिका रस्त्याची राखणदार होती तशी बाजाराची मालकही होती. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ मध्ये मुंबईचे आयुक्त झाले आणि १८६९ मध्ये त्यांच्या नावाची मंडई उभी राहिली. तिच्या दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंग यांनी दगडात शेतकरी कोरले आहेत. शेतमाल विकणाऱ्याने मंडईच्या छपराखाली यावे, गाळ्याचे भाडे भरावे, तपासणीला सामोरे जावे, ही त्यामागची योजना. पुण्यातही १८८६ च्या रे मार्केटने तेच केले. (आज या दोन्ही वास्तू महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखल्या जातात, हाही इतिहासाचा एक विनोदच.) ज्या संस्थेला गाळ्याचे भाडे मिळते तिला दारातल्या टोपलीवालीचा त्रास वाटणारच. मंडईपासून दीडशे मीटरच्या आत विक्री नको, हा नियम पुढे शतकभराने न्यायालयीन निकालांत आढळतो. तो वाचताना स्वच्छता आणि रहदारी यांच्याबरोबर हे भाडेही ध्यानात ठेवावे.

आता थोडे शब्दांविषयी. मुंबईत रूढ झालेला शब्द 'फेरीवाला'. म्हणजे जो फेरी मारतो, थांबत नाही. पालिकेला मनापासून हवा असलेला विक्रेता हाच. तो दारावर यावा, आरोळी द्यावी आणि निघून जावे. प्रत्यक्षात मुंबईतले बहुसंख्य फेरीवाले फेरी मारत नाहीत, ते एका जागी बसतात, वर्षानुवर्षे तेथेच बसतात, आणि गिऱ्हाईक त्यांना त्या जागेवरून ओळखते. पुणेकरांचा 'पथारीवाला' हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. पथारी म्हणजे अंथरूण. 'पथारी पसरणे' यात मुक्काम आहे, 'आता येथून हलणार नाही' असा काहीसा हट्टही आहे. 'पथविक्रेता' या अलीकडच्या सरकारी शब्दातल्या 'पथा'शी तिचे नाते कोणी जोडू नये. तो संस्कृत वळणाचा शब्द कार्यालयात घडला, पथारी फूटपाथवर. एकच माणूस एका शब्दात चालतो आणि दुसऱ्यात बसतो. कायदा त्याला चालता समजून परवाना मागत राहिला आणि बसता दिसला की उचलत राहिला.

परवाना तरी मिळत होता काय? १९७८ च्या सुमारास मुंबई पालिकेने नवे परवाने देणे थांबवले. शहर वाढत राहिले, गिरण्यांच्या संपानंतर (१९८२) कामगारांची कुटुंबे भाजीच्या टोपल्या घेऊन बसू लागली, पण परवान्यांची संख्या पंधरा हजारांच्या आसपासच अडकली. १९९८ मध्ये पालिकेच्याच सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्था आणि 'युवा' यांनी गणना केली, तेव्हा पालिकेच्या जागांवर एक लाखाहून अधिक विक्रेते निघाले. म्हणजे सात जणांमागे सहा बेकायदा. ज्या व्यवहारात सातांपैकी सहा जण गुन्हेगार ठरतात तेथे गुन्ह्याची व्याख्या तपासावी, असे कोणासही सुचेल.

मधल्या काळात पालिकेने एक विलक्षण साहित्यप्रकार जन्माला घातला: पावती. परवाना नाही, पण रोजचे शुल्क घ्यायचे आणि त्याबदली कागद द्यायचा. शुल्क कशाचे? अनधिकृत जागा व्यापल्याचे आणि कचरा उचलण्याचे. ज्या कागदावर 'तू अनधिकृत आहेस' असे लिहिले आहे तोच कागद जपून ठेवायचा, कारण आपण येथे अमुक साली बसत होतो याचा तोच पुरावा. पावत्यांचे जुने गठ्ठे हे अनेक विक्रेत्यांचे दफ्तर झाले. पावतीचा भाऊबंद म्हणजे हप्ता. तो मात्र कागदावर नसतो आणि त्याविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही. मराठी वाचकाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

माणूस वाक्यात शिरला तो न्यायालयाच्या दारातून, आणि अर्धाच. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईविषयी दोन निकाल दिले, दोन्ही सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे. ओल्गा टेलिस खटला पदपथावर राहणाऱ्यांचा होता आणि प्रश्न याच ३१४ व्या कलमाचा होता. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस देऊच नये असा हुकूम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला. सवलत मिळाली ती पावसाळा सरेपर्यंतची. त्याच महिन्यातल्या बॉम्बे हॉकर्स युनियनच्या निकालात फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र ही विभागणी मान्य झाली. दिल्लीतून आलेल्या सोदनसिंग प्रकरणात १९८९ मध्ये घटनापीठाने रस्त्यावर विकणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला, मात्र अमुक जागेवर कोणाचा हक्क नाही असेही बजावले. व्यवसायाचा हक्क आहे, जागेचा नाही. ज्याचा व्यवसाय म्हणजेच जागा, त्याने या वाक्याचे काय करावे?

डिसेंबर २००३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात ज्या अटी घातल्या गेल्या त्यांपाशी आम्हांस थोडे रेंगाळावेसे वाटते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद एवढी जागा. टेबल नाही, स्टँड नाही, हातगाडी नाही. मालाचे ऊन, पाऊस, वारा यांपासून रक्षण करण्याची मुभा मात्र विक्रेत्याला होती. (सरकारी दुधाच्या आरे-सरिता केंद्रांना ही अट नाही.) वेळ सकाळी सात ते रात्री दहा. देवस्थान, शाळा, रुग्णालय यांपासून शंभर मीटर दूर, मंडई आणि रेल्वे स्थानक यांपासून दीडशे. आणि गिऱ्हाईक बोलावण्यासाठी आवाज करावयाचा नाही, वाद्य वाजवावयाचे नाही. रहदारीच्या दृष्टीने यांतील एकेक अट समजण्यासारखी आहे. दादर स्थानकाबाहेर संध्याकाळी चालून पाहिलेला माणूस त्यांना उगाच हसणार नाही. पण सगळ्या एकत्र वाचल्या की जो विक्रेता उरतो तो गर्दीपासून दूर, चौरस मीटरभर जागेत, मुक्याने बसलेला असतो. ज्या शब्दाचा जन्म फेरी आणि आरोळी यांतून झाला त्यातली आरोळीही गेली.

२०१४ चा पथविक्रेता अधिनियम हा या भाषेतला खरा पालट. त्याच्या व्याख्येत फेरीवाला, पथारीवाला आणि त्या त्या प्रदेशात रूढ असलेले सर्व समानार्थी शब्द सामावून घेतले आहेत. कायद्याने लोकांच्या बोलीला असे खुले आमंत्रण द्यावे, हे दुर्मीळ. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवायचे नाही, हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस, जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत, धारक मरण पावला तर प्रमाणपत्र जोडीदाराला वा अवलंबून असलेल्या मुलाला, आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्यांच्या, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या. १८८८ च्या यादीतला गठ्ठा येथे मतदार झाला.

निदान कागदावर. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली आणि रोष वळला तो फेरीवाल्यांवर. त्याच नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने स्थानकाजवळच्या दीडशे मीटरांची रेघ पुन्हा ठळक केली. पूल अरुंद होता ही गोष्ट त्या रोषात मागे पडली. दरम्यान २०१४ च्या पाहणीत सुमारे नव्व्याण्णव हजार अर्ज आले होते. छाननीत पंधरा हजारांच्या आसपास पात्र ठरले. जुन्या परवान्यांची संख्याही तेवढीच होती, हा योगायोग सुन्न करणारा आहे. गाळणीतली मोठी चाळण होती अधिवास प्रमाणपत्राची. रस्त्यावर किती वर्षे बसलात, याहून राज्यात किती वर्षे राहिलात याचा कागद वजनदार ठरला, आणि जपलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्यांना तेथे फारसा भाव आला नाही. पुढे पात्र विक्रेते आणि जुने परवानाधारक धरून मतदारयादी बत्तीस हजारांवर पोहोचली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, अधिनियमानंतर दहा वर्षांनी, मुंबईतल्या पथविक्रेता समित्यांसाठी मतदान झाले. यादीत नसलेले त्या दिवशीही आपापल्या जागी बसले होते, आणि त्यांच्यासाठी ३१४ वे कलम अजून तसेच होते.