पावणं, घोंगड्यावर टेका

चपला काढू नका. आधीच सांगून ठेवतो, कारण दोनशे वर्षं मागं उतरल्या उतरल्या पहिली भेट कुसळांची होणार आहे.

झालीच. खाली बघा, तुमच्या जीन्सच्या तळाशी पाचपन्नास चिकटलीयत आणि दोनचार थेट पोटरीत शिरलीयत. हा माणदेशातला माळ. रोहिणी सरत आलीय. मुरूम इतका तापलाय की चपलेच्या तळातूनही चटका लागतो. समोर पिवळं गवत, त्यावर हलणारी झळ आणि लांब काळविटांचा कळप. श्वास घ्या. तुमच्या छातीत गेलेल्या हवेत दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम २८० आहेत. घरून निघालात तेव्हा ४२० च्या वर होते. हा फरक नाकाला कळायचा नाही. नाकाला कळतो तो मेंढ्यांचा वास. लोकर, लेंड्या, घाम आणि आंबूस दूध असा एकजीव झालेला वास अंगावर येतो, आणि त्यापाठोपाठ कुत्री.

“आरं, हाड! पावणं, उभं का? टेका की घोंगड्यावर.”

धनगरवाड्यातली म्हातारी आहे. तुमच्या जीन्सकडे बघून पोरं खिदळतायत, पण ती हसत नाही. घोंगडं टोचतं, त्याला चिंचोक्याची खळ दिलेली आहे. चहाची वाट बघू नका, तो इथं अजून पोचलेला नाही. बाजरीची भाकरी मिळेल आणि कारळ्याची चटणी. म्हातारी तुमच्या पोटरीतलं एक कुसळ उपटते, तळहातावर ठेवते आणि त्यावर चक्क थुंकते. कुसळ वळवळायला लागतं. ओल लागली की त्याची पिळलेली शेपटी उलगडते, आणि त्या फिरण्यानं टोकाचं बी मातीत घुसतं.

“बगा, पान्याची वाट बगतंय.”

ते एकटंच नाही, सगळा माळ थांबलाय. पात्यांची सूक्ष्म दारं बंद आहेत. मातीतले जीवाणू कोरडे पडून निपचित आहेत. हवेतून कार्बन घेणं नाही, हवेत सोडणंही नसल्यासारखंच.

मग एका संध्याकाळी मृगाचा वळीव येतो. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग एकच गोंधळ. पालं उडतायत, तट्टं खिंकाळतायत, बाया कोकरं काखेत मारून धावतायत, आणि ओल्या लोकरीचा वास इतका दाट की भाकरीलाही तोच लागतो. तुम्ही मृद्गंध घ्यायला छाती फुगवता. घ्या, पण त्या सुगंधाबरोबर बिनवासाचं काहीतरी वर येतंय, कार्बन डायऑक्साइड. ओल लागताच जीवाणू जागे होतात आणि उन्हाळ्यात मेलेल्यांवर, मातीत साठलेल्या कुजक्यावर ताव मारतात. जमीन काही तासांत मोठा उसासा टाकते. बर्च नावाच्या संशोधकानं १९५८ मध्ये हा प्रकार नीट मांडला, म्हणून या उसाशाला त्याचं नाव मिळालं. म्हातारीला बर्च ठाऊक नाही. ती एवढंच म्हणते, “माळ उठला.”

श्रावणात तुम्ही अजून इथंच आहात (तुम्हाला कुणी थांबवलं नव्हतं). गवत मांडीला लागतंय. पवना, मारवेल, अंजन. तणमोराचा नर गवतातून टणकन वर उडतो, पंख फडफडवतो, खाली पडतो आणि पुन्हा उडतो. मादीसाठी एवढी कसरत. भर दुपारी तुम्ही सावली शोधताय, पण गवताची खरी कमाई आत्ताच चालू आहे. भात-गव्हासारखी पिकं अशा तापात गडबडतात; कार्बन डायऑक्साइड धरायच्या जागी ऑक्सिजन धरून बसतात आणि कमावलेलं घालवतात. माळाच्या या गवतांची युक्ती वेगळी. बाहेरच्या पेशी हवेतला वायू पकडून शिरेभोवतीच्या आतल्या पेशींत कोंबत राहतात. तिथं त्याची दाटी असते, म्हणून चूक होत नाही. शिवाय पानाची दारं नुसती किलकिली ठेवून भागतं आणि पाणी वाचतं. तुमच्या हातातली बाजरी याच घराण्यातली; ज्वारीही.

आता काठीनं जमीन उकरा. माती इथं वीतभरच, खाली मुरूम. पण मुळं बघा, गुंतलेल्या केसांसारखी भेगाभेगांत उतरलेली. झाडाची पुंजी खोडात दिसते. गवताची बहुतेक जमिनीखाली असते. वरचं मेंढ्या खातात. त्यातला बराच भाग त्यांच्या श्वासातून संध्याकाळपर्यंत हवेत परत जातो, थोडा ढेकरांतून मिथेन होऊन. ते ढेकर तुम्हाला रात्री ऐकू येतील.

रात्री मेंढ्या वाघरीच्या जाळीत कोंडल्यात. सूर्य गेला, घेणं थांबलं, पण गवत, मुळं, जीवाणू सगळे श्वास सोडतायतच. दिवसभराच्या कमाईतलं साधारण निम्मं गवत स्वतःच असं खर्चून टाकतं. वारा पडला की तो वायू जमिनीलगत साचतो, म्हणजे तुम्ही आडवे झालात तिथंच. दूर लांडगा ओरडतो. कुत्री गुरगुरतात. तुमची झोप उडते, म्हातारीची नाही.

दिवाळी आली. वाडा कोकणात उतरायची तयारी करतोय, आणि त्याच रात्री कुणाच्या तरी चिलमीची ठिणगी पडते. वणवा! तडतडाट, डोळ्यांत धूर, तोंडावर धग. हंगामभर हवेतून गोळा केलेलं तासाभरात हवेत. तुम्ही कासावीस होता.

“मुळी हाय न्हवं? उगवंल की,” म्हातारी घोंगडं झटकत म्हणते.

सकाळी उताराच्या कडेला मात्र ती गप्प उभी राहते. तिथं एक शेतकरी आठ बैलांच्या नांगरानं गवताळ पट्टा उलथतोय. पांढरी मुळं उन्हात पडलीयत. ढेकळांच्या पोटात जपलेलं आता जीवाणूंच्या हाती लागणार. कित्येक वर्षांची साठवण थोड्या हंगामांत श्वास बनून जाईल. गंमत अशी, की आज रात्री तिच्याच मेंढ्या त्या रानात बसणार आहेत, खतासाठी. बदल्यात धान्य मिळेल.

एक आपलं आपल्यात. याच माळाला आपण पुढं सात-बारावर पोटखराबा लिहिणार आहोत, आणि भल्या मनाची माणसं पावसाळ्यात येऊन त्यात झाडांसाठी खड्डे खणणार आहेत. म्हातारीला सांगू नका.

घरी पोचलात? जीन्स धुवायला टाकण्याआधी तळाशी चाचपा. आहे ना एक? टेबलावर ठेवा आणि नळाच्या पाण्याचा एक थेंब सोडा.

वळलं?