१८ जुलै : अण्णाभाऊंचा डफ

शाहीर अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले, वय अवघे ४८. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून डफ-तुणतुण्यावर कामगारांचे गाऱ्हाणे मांडत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना’ ही छक्कड तर अस्सल सोने! पोटासाठी मुंबई गाठलेला गडी गावी राहिलेल्या कारभारणीसाठी झुरतो, आणि बघता बघता तो विरह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचा होतो. बोरगाव, सौंसर, पांढुर्ण्याच्या मराठी माणसाला ही सल परकी नाही. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेले, आपला हा मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला.